बोटीच्या शाफ्टचं सील का जळतं? खाडीतल्या गाळाशी त्याचा काय संबंध?

इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट जिथून बाहेर पडतो, तिथून पाणी आत शिरू नये म्हणून सील बसवतात.

जुन्या बोटींच्या ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी भरलेली असते. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, कारण तेच पाणी शाफ्ट थंड ठेवतं. गळती पूर्ण थांबवायला नट आवळत गेलात, तर दोरी जळते आणि शाफ्टवर खाचा पडतात.

नंतर आलेल्या, न गळणाऱ्या सीलला बऱ्याचदा इंजिनच्या थंड पाण्याची एक बारीक नळी जोडलेली असते. पनवेल खाडीत अडचण इथेच येते. पाणी गाळाचं, त्यात ओहोटीला काही बोटी चिखलातच बसतात. नळी चोंदली की सील कोरडं फिरून तापतं. त्याचं रबर फाटलं, तर बोट बुडूही शकते!

फेरीनंतर इंजिन बंद करून सीलला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर पाणी पोहोचत नाहीये. पण बोट पाण्यात असताना नळी काढू नका, पाणी आत येईल.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर असतात. नळी साफ करायला आणि रबर तपासायला हीच वेळ. बोट पुन्हा पाण्यात उतरवली की सीलमध्ये हवा अडकते. इंजिन सुरू करण्याआधी रबर दाबून, पाणी दिसेपर्यंत ती काढा.