घर की धर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्याहून डोंबिवलीला आत्याकडे गेलो की आम्हा पोरांचा एक ठरलेला खेळ असे. आतेभावाला पेपर वाचायला लावायचा आणि फिदीफिदी हसायचं. तो 'घर'चं 'धर' करायचा, 'भाऊ'चा 'माऊ'. शाळेत मार, घरी मार. डोळे तपासले, दोष काहीच नाही. मग 'आळशी' हा शिक्का बसला. 1993 साली दहावीला गडी चक्क मराठीत अडकला!

डोळ्यांवर संशय घेणारी आत्या एकटी नव्हती म्हणा. 'डिस्लेक्सिया' हा शब्द आणला तो रूडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने, 1880 च्या दशकात. ग्लासगोचे हिन्शलवुडही डोळ्यांचेच सर्जन. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 14 वर्षांच्या पर्सीची हकीकत छापली. पोरगा गणितात चांगला, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा आणि ते त्याच्या लक्षातही यायचं नाही. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

आज बहुतेक संशोधक मानतात की मुख्य अडचण डोळ्यांत नसून अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्यात असते. अक्षरं नाचताना दिसतात असं काहीजण सांगतात, पण सगळे नाही.

त्यात आपली ऱ्हस्व वेलांटी! काढायची आधी, उच्चारायची नंतर. युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवतं आणि पडद्यावर जागा बदलायचं काम सॉफ्टवेअर करतं. 1953 च्या लखनौ परिषदेने तिला उजवीकडे न्यायचं ठरवलं होतं, पण ते काही टिकलं नाही. ही उलटापालट कोडमध्ये बसवताना माझ्या दोन रात्री गेल्या. भाऊ ती दर ओळीला डोक्यात करत होता.

1996 मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना दहावीला जादा वेळासारख्या सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. पर्सीनंतर शंभर वर्षांनी, आणि भावानंतर तीन.

2007 च्या डिसेंबरात आम्ही दोघं 'तारे जमीन पर' बघायला गेलो. तोवर कल्याणात त्याचं मिक्सर-दुरुस्तीचं दुकान चांगलं चालू लागलं होतं. मध्यंतरात तो म्हणाला, "दादा, माऊ आठवतंय का रे तुला?"

मी पॉपकॉर्नच्या पुड्यात बघत बसलो.