प्रेमचंदांचा छापखाना

वर्गात प्रेमचंदांची ओळख करून देताना आम्ही उर्दूचे शिक्षक एक वाक्य ठरल्यासारखं सांगतो: गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. तेवढं सांगून आपण धड्याकडे वळतो. त्यानंतरची पंधरा वर्षं हा माणूस घर कशावर चालवत होता, ते कुठल्याच परिचयात येत नाही.

आधी नोकरीचा हिशेब पाहू. धनपतराय श्रीवास्तव हे त्यांचं खरं नाव. १८९९ मध्ये चुनारच्या मिशन शाळेत महिना १८ रुपयांवर मास्तरकी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी बहराइचच्या सरकारी शाळेत २० रुपये मिळू लागले. नोकरी सांभाळत ते परीक्षा देत राहिले आणि १९१९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, बी. ए. झाले. (आपल्याकडे बाहेरून पदवी घेणाऱ्या मास्तरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) मधल्या काळात ते हमीरपूरला शाळा तपासनीस होते. तिथे असताना ‘सोज़-ए-वतन’ या त्यांच्या उर्दू कथासंग्रहात इंग्रज कलेक्टरला राजद्रोह दिसला आणि उरलेल्या प्रती जाळल्या गेल्या. तेव्हा ते ‘नवाबराय’ म्हणून लिहीत. ‘प्रेमचंद’ हे नाव त्यानंतरचं. ज्या नावावर आज सारा हिंदुस्तान जीव टाकतो, ते मुळात नोकरी वाचवण्यासाठी घेतलेला आडोसा होतं.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी गोरखपूरला गांधीजींची सभा झाली आणि काही दिवसांतच प्रेमचंदांनी नॉर्मल स्कूलमधून राजीनामा दिला. पगार सव्वाशेच्या आसपास, वीस वर्षांची सेवा, पोटाचं जुनं दुखणं, दोन लहान मुलं आणि तिसरं येऊ घातलेलं. शिवरानीदेवींनी आधी विचाराला वेळ घेतला, मग ‘सोडा’ म्हणाल्या. या निर्णयात त्यांचा वाटा निम्मा होता असं मी मानतो.

काही दिवस कानपूरला आणि काशीला खासगी संस्थांत शिकवून झालं. मग १९२३ मध्ये बनारसला सरस्वती प्रेस निघाला. भागीदारांत भाऊ महताबराय होते आणि रघुपती सहाय, म्हणजे आपले फ़िराक़ गोरखपुरी, हेही होते. स्वतःचा छापखाना असला की आपली पुस्तकं आपणच छापायची, प्रकाशकाच्या दारात उभं राहायला नको. कागदावर हिशेब चोख होता. पण छापखान्याला टाइप लागतो, कागद लागतो, कंपोझिटरचा पगार वेळेवर लागतो. छपाईचं काम मात्र उधारीवर येतं आणि वसुली रेंगाळते. लेखनात पात्रांच्या कर्जाचा पै-पैचा हिशेब मांडणारा हा माणूस स्वतःच्या वसुलीत कच्चा निघाला. छापखाना तोट्यातच राहिला.

मग व्हायचं तेच झालं. लखनौला नवलकिशोर प्रेसच्या ‘माधुरी’ मासिकाचं संपादन त्यांनी पत्करलं. नोकरीतून सुटायला धंदा काढला होता, तो जगवायला पुन्हा नोकरी! तरीही १९३० मध्ये त्यांनी ‘हंस’ मासिक काढलं आणि १९३२ मध्ये ‘जागरण’ साप्ताहिक अंगावर घेतलं. तोटा वाढला. त्यातच प्रेस ऑर्डिनन्सखाली सरकारने जामिनाची रक्कम मागितली. हिवाळ्यात गरम कपडे शिवायला शिवरानीदेवींनी दिलेले पैसे ते छापखान्यातल्या कामगारांना देऊन मोकळे होत.

१९३४ मध्ये याच कर्जापायी ते मुंबईला आले. अजंता सिनेटोनचा वर्षाला आठ हजारांचा करार होता आणि दादरला बिऱ्हाड. गिरणी कामगारांवरच्या ‘मज़दूर’ची कथा त्यांनी लिहिली. त्याच वर्षी बनारसला त्यांच्याच छापखान्यातल्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला. मालक म्हणून त्यांचा बचाव मला करता येत नाही. कामगाराच्या घरातली चूल धन्याच्या सच्चाईवर पेटत नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. क्लास काढू का, दुकान टाकू का, हा विषय शिक्षकांच्या खोलीत रोज निघतो आणि उदाहरणं दिली जातात ती फक्त यशस्वी माणसांची. मी हा छापखानाही सांगतो. त्यावर एकाने विचारलं, ‘म्हणजे सर, सोडायला नको होती?’

याला सरळ उत्तर नाही. ‘ग़बन’, ‘कर्मभूमी’ आणि ‘गोदान’ या कादंबऱ्या याच सरस्वती प्रेसने काढल्या. त्या लिहिताना कोणत्या कलेक्टरला काय वाटेल, याची फिकीर करणारा धनपतराय मास्तर उरला नव्हता. पण ‘गोदान’ निघाली त्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी ते गेले. घरच्यांच्या हाती उरला तो छापखाना आणि ‘हंस’.

शिवरानीदेवी आणि मुलांनी दोन्ही पुढे चालवलं. अमृतराय, म्हणजे राजीनाम्याच्या वेळी पोटात असलेलं ते तिसरं मूल, यांनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं आणि त्यांची पत्रंही छापली. ‘ज़माना’चे संपादक दयानारायण निगम यांना लिहिलेली पत्रं त्यात आहेत. उर्दू गद्य शिकवणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत. भाषा नितळ आहे, आणि पैशांचा विषय पुन्हा पुन्हा येतो.