मऊ नावाच्या चेंडूची कठीण गोष्ट

सॉफ्टबॉल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला या खेळाचे नाव हीच थट्टा वाटते. १२ इंच घेर आणि १७८ ते १९८ ग्रॅम वजन असलेला हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून मोठा आणि जड असतो. अंगठ्याने कितीही जोर लावला तरी तो दबत नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धांतून हा खेळ बरीच वर्षे चालू आहे, पण ‘मऊ’ म्हणवणारा चेंडू असा दगडासारखा का, हे मुलांना कुणी सांगत नाही. हे नाव एके काळी खरे होते. ते खोटे कसे पडत गेले, याचा माग काढला की या खेळाचा सगळा इतिहास हाती लागतो.

सुरुवात शिकागोत झाली. २४ नोव्हेंबर १८८७, थँक्सगिव्हिंगचा दिवस. फॅरागट बोट क्लबच्या दालनात काही मंडळी येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. येल जिंकल्याची तार आली. त्या आनंदात येलच्या एका माजी विद्यार्थ्याने पडलेला बॉक्सिंगचा हातमोजा हार्वर्डच्या पाठीराख्याकडे भिरकावला आणि त्याने तो काठीने टोलवला, असे सांगतात. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहराने तोच मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने चौकट आखली आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. सामना म्हणे ४१-४० असा सुटला. असा चुरशीचा आकडा पाहिला की माझ्यासारख्याला जरा शंका येतेच, पण मोज्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही. छपराखाली, खिडक्यांच्या काचा सांभाळत खेळायचे, तर चेंडू दूर जाता कामा नये. हॅनकॉकने नंतर मुद्दाम बनवून घेतलेला चेंडू १६-१७ इंच घेराचा, चांगला लिबलिबीत होता. म्हणजे या खेळात चेंडूचा गुणधर्म आधी ठरला आणि मैदानाचे माप त्यावरून निघाले.

१८९५ मध्ये मिनीयापोलिस अग्निशमन दलातल्या लुईस रोबर या अधिकाऱ्याने बंबाशेजारच्या मोकळ्या जागेत जवानांसाठी असाच खेळ सुरू केला. पुढे त्याच्या ‘किटन्स’ संघावरून त्याला किटन बॉल म्हणू लागले. मश बॉल, पम्पकिन बॉल, डायमंड बॉल अशी आणखी नावे होती. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये डेन्व्हरच्या वायएमसीएतल्या वॉल्टर हाकान्सनने सुचवले. नाव एक झाले, तरी चेंडू एक नव्हता. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिओ फिशर आणि मायकेल पॉली यांनी ५५ संघांची मोठी स्पर्धा भरवली, ती १४ इंची चेंडूवर. नियम एकत्र करणारी समिती बसली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

तो महामंदीचा काळ होता. काम नव्हते आणि वेळ मात्र होता. शिकागोच्या वस्त्यांत १६ इंची चेंडूच टिकला, कारण तो ग्लव्ह न घालता झेलता येई आणि ग्लव्ह घेण्याइतके पैसे नव्हते. चिंचोळ्या मैदानातही तो पुरे. आजही तिथे हा खेळ उघड्या हातांनी खेळला जातो आणि जुन्या खेळाडूंची वाकडी बोटे हीच त्यांची ओळख असते. चेंडू बहुधा डीबियर ‘क्लिंचर’. सामना सुरू होताना तो टणक असतो. एकच चेंडू शेवटपर्यंत वापरायचा असल्याने टोले खाऊन खाऊन तो मऊ पडत जातो. म्हणून दणदणीत फटके मारायचे ते पहिल्या डावांत. पुढे चेंडू बॅटला लागून नुसता बसतो, तेव्हा क्षेत्ररक्षकांच्या मधल्या फटी हेरून तो टाकायचा. एकाच सामन्यात खेळाचा स्वभाव असा बदलताना दुसरीकडे क्वचितच दिसेल. या परंपरेचा तिथे केवढा अभिमान! १९७७ मध्ये शिकागोच्या उद्यान खात्याने ग्लव्ह वापरायची मुभा दिली, तेव्हा स्तंभलेखक माइक रॉयको थेट न्यायालयात गेला आणि खटला जिंकला.

बाकी अमेरिकेने मात्र १२ इंची चेंडू आणि ग्लव्ह स्वीकारले. या चेंडूच्या पोटात काय असावे, हे नियमपुस्तकात लिहिलेले असे: उत्तम प्रतीचा लांब धाग्याचा कापोक, किंवा बूच आणि रबर यांचे मिश्रण, किंवा पुढे पॉलीयुरेथेन. कापोक म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. ज्याने आपल्या आजीच्या उशा भरल्या, तोच जावा बेटावरून अमेरिकेत जाई. तो आवळून त्यावर सूत गुंडाळत आणि वरून चामडे शिवत. असा चेंडू मार खाऊन बसे. पॉलीयुरेथेनचा साचातला गाभा स्वस्त, एकसारखा आणि टिकाऊ होता. नाव खोटे पडले ते प्रामुख्याने इथे.

त्याच सुमारास, १९७० च्या आसपास, ॲल्युमिनियमची बॅट आली आणि पुढे कॉम्पोझिटची. लाकडी बॅट भरीव असते. तिच्यावर आदळताना दबण्याचे सगळे काम चेंडूच करतो आणि त्यात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पोकळ बॅटची पातळ भिंत स्वतः आत दबते आणि उडीच्या जाळीसारखी परत उसळते. ती जवळजवळ सगळी ऊर्जा परत देते. चेंडू जितका कडक, तितकी भिंत अधिक दबते आणि टोला तितका लांब जातो. बॅट आणि चेंडू यांची ही युती जमली, तेव्हा खेळ पिचरच्या जिवावर बेतू लागला.

म्हणून दोन मोजमापे आली. पहिले उसळीचे. चेंडू ताशी ६० मैल वेगाने घट्ट बसवलेल्या पोलादी पृष्ठभागावर मारायचा आणि परतीचा वेग पाहायचा. ०.४४ गुणांकाचा चेंडू ताशी २६ मैलांनी परततो, म्हणजे त्याची चार पंचमांश ऊर्जा वाटेतच संपते. दुसरे मोजमाप कडकपणाचे: चेंडू पाव इंच दाबायला किती पौंड बळ लागते? अमेरिकेच्या हौशी संघटनेच्या स्लो-पिच खेळात हे आकडे बरीच वर्षे ०.४४ आणि ३७५ पौंड असे होते. बॅटसाठी २००४ पासून टोल्याचा वेग ताशी ९८ मैलांच्या आत ठेवण्याची अट आली. त्या वेगाने सरळ आलेला चेंडू ५० फुटांवरच्या पिचरपर्यंत साधारण ०.३५ सेकंदात पोहोचतो. फेकीनंतर तोल सावरायलाच त्याला तेवढा वेळ लागतो.

यानंतरचा बदल मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. संघटनेने उसळी वाढवून ०.५२ केली आणि कडकपणा ३०० पौंडांवर आणला. वरवर पाहता हे उलटेच: जास्त उसळणारा चेंडू सुरक्षित कसा? पण मऊ चेंडू बॅटच्या भिंतीला पुरेसा दाबू शकत नाही. बॅटची उसळ वाया जाते, ती कमी स्वतःच्या उसळीने तो थोडी भरून काढतो. खेळाडूला टोला मारल्याचे समाधान मिळते, महागड्या बॅटची मक्तेदारी ढिली होते आणि अंगावर बसला तर इजाही कमी होते. हा चेंडू ‘मेलेला’ आहे अशी कुरकुर झालीच. ती बहुधा महागडी बॅट घेतलेल्यांची असावी.

हे सगळे आकडे सुमारे २२ अंश तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेत मोजलेले असतात. पॉलीयुरेथेन उन्हात मऊ पडते आणि थंडीत कडक होते. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी जळगाव किंवा अकोल्याच्या मैदानावर, किटबॅगेत तापलेला चेंडू त्याच्यावरच्या शिक्क्यापेक्षा मऊ असतो आणि मुलींचे टोले नेहमीच्या जागेच्या अलीकडेच पडतात.