पंखा फिरवायचा कोणी?

काही वर्षांपूर्वी खडकांचे नमुने गोळा करण्यासाठी आम्ही सह्याद्रीतल्या एका कच्च्या रस्त्याने जीपमधून चढत होतो. वेग पायी चालणाऱ्या माणसाइतका. निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. या जीपचा पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून तिथे विजेचा पंखा नुकताच बसवला होता आणि त्याचा फ्यूज वितळला होता. इंजिन निवेपर्यंत आमच्यात वाद रंगला : जुना पंखाच बरा नव्हता का? याचे उत्तर हवे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच इंजिनाला कामासाठी वापरता येतो. साधारण तेवढीच ऊर्जा धुराबरोबर जाते आणि उरलेली उष्णता मुख्यतः पाण्यामार्फत बाहेर काढावी लागते. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या गाडीत हे पाणी सरळ उकळून उडून जाई. वाटेत ते पुन्हापुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवेला एवढा मोठा पृष्ठभाग मिळाल्यामुळे ९ लिटर पाणी पुरू लागले. गाडी हळू चालताना वारा मिळावा म्हणून रेडिएटरच्या मागे पंखाही आला. १९०८ च्या फोर्ड 'मॉडेल टी'मध्ये हा पंखा इंजिन पट्ट्याने फिरवत असे. १९४१ च्या विलीज जीपमध्येही तीच पद्धत होती. याच जीपच्या पुढच्या पिढ्या मुंबईत जुळवल्या गेल्या आणि आपल्या घाटांत पोहोचल्या.

या साध्या रचनेत एक विसंगती आहे. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला असतो. सपाट रस्त्यावर गाडी धावते तेव्हा समोरचा वारा पुरेसा असतो, तरी पंखा जोरात फिरतो. चढावर गाडी रांगते, इंजिनावर भार असतो, वारा नसतो, नेमका तेव्हा पंखा मंदावतो. शिवाय पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ८०० ऐवजी ४,००० फेरे झाले, म्हणजे वेग पाचपट झाला, तर शक्ती १२५ पट लागते. नको तेव्हा खर्च आणि हवे तेव्हा टंचाई, असा हा हिशेब.

मग विजेचा पंखा आधीच का आला नाही? कारण वीज नव्हती. युद्धकाळातल्या जीपचा डायनमो ६ व्होल्टला ४० अँपिअर देई. म्हणजे जास्तीत जास्त २४० वॉट. आज १२ व्होल्टचा एक मध्यम पंखा २० अँपिअर घेतो, म्हणजे तेवढेच २४० वॉट! दिवे आणि ठिणगीसाठी काहीच उरले नसते. शिवाय इंजिन मंद असताना डायनमो जवळपास काहीच देत नसे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, तेव्हा आल्टरनेटर गाडीत बसवणे शक्य झाले. क्रायसलरच्या १९६० च्या 'व्हॅलियंट'पासून तो मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात आला. मंद वेगातही तो बरी वीज देतो.

दुसरी गरज वेगळ्याच दिशेने आली. इंजिन आडवे बसवले की त्याच्या आसाची दिशा बदलते आणि पुढच्या रेडिएटरमागचा पंखा सरळ पट्ट्यावर फिरवणे अवघड होते. १९५९ च्या 'मिनी'त म्हणून रेडिएटरच बाजूला ठेवला होता. दान्ते जाकोसा यांच्या १९६९ च्या फियाट १२८ मध्ये तो पुढेच राहिला आणि पंखा विजेवर गेला. आपल्याकडे १९८३ पासून मारुती ८०० ने हा पंखा घरोघरी पोहोचवला. गाडी बंद केल्यावरही गुरगुरणारा पंखा अनेकांना आठवत असेल.

जीपसारख्या गाड्यांना मूळ पंखा काढून विजेचा पंखा बसवण्यामागे तर आणखी एक कारण आहे. खोल ओढ्यात फिरता पंखा इंजिनावर पाणी उडवतो; पाती वाकून रेडिएटरवरही घासू शकतात. त्यामुळे पूर्वी ओढ्यात शिरण्याआधी फॅनबेल्ट काढून ठेवत. विजेचा पंखा एका बटणाने थांबतो.

पण ही वीज फुकटची नाही. आल्टरनेटर इंजिनच फिरवते आणि ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतरात काही भाग वाया जातो. बचत होते ती पंखा गरजेपुरताच चालतो म्हणून. आमच्या फ्यूजचे कारणही पाठ्यपुस्तकातलेच निघाले. थांबलेल्या मोटरमध्ये विरोधी विद्युतदाब नसतो, म्हणून सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो. फ्यूज बसवताना तो कोणी धरलाच नव्हता. शिवाय सैल झालेला पट्टा डोळ्यांना दिसतो, वितळलेला फ्यूज मात्र शोधावा लागतो. म्हणून अशा गाडीत जाड तारा, रिले आणि योग्य फ्यूज हवेतच; चालकाची नजरही काट्यावर हवी.

वर्गात मोटरचा धडा शिकवताना हा प्रश्न विचारून पाहावा : खेळण्यातल्या मोटरचे पाते क्षणभर बोटाने अडवले, तर अ‍ॅमीटरचा काटा कुठे जाईल? आधी विद्यार्थ्यांना अंदाज करू द्यावा, मग प्रयोग करावा. काटा वर सरकलेला दिसला की आमच्या जीपला चढावर काय झाले, ते वेगळे सांगावे लागणार नाही.