किती दारू, किती लांबून?

नगरमध्ये वाढलेल्या माणसाला तोफेच्या आवाजाचं कौतुक नसतं. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की लांबून धप्प असा आवाज येतो, खिडकीची काच किणकिणते आणि घरात कुणी मानसुद्धा वर करत नाही. अशाच एका दुपारी मी मोबाइलवर एक अमेरिकी व्हिडिओ बघत होतो. काउबॉय हॅट घातलेले, पोट सुटलेले एक आजोबा कमरेच्या दोन रिव्हॉल्वरांनी लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडत होते. टण् टण् टण्. पत्रे इतके जवळ की इथून तर मी गलोलीनंही मारेन, असं वाटलं.

मग त्या खेळाचे नियम वाचले आणि त्यातच अडकलो. खेळाचं नाव काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. बंदुका जुन्या घडणीच्या, खेळाडूंची नावंही टोपणनावं. पण गंमत आहे ती गोळीची. तिच्या ताकदीला खालून आणि वरून, दोन्हीकडून कुंपण घातलंय. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांत वेग, भागिले 1000. उत्तर 60 च्या खाली गेलेलं चालत नाही. 105 ग्रेनची गोळी 600 फुटांच्या वेगानं गेली तर 63, म्हणजे पास. हे कशाला? तर फुसक्या गोळीनं बंदूक हातात उसळत नाही, आणि न उसळणारी बंदूक पटापट चालवता येते. ती लबाडी झाली. वरची मर्यादा रिव्हॉल्वरला 1000 फूट, रायफलला 1400. शिवाय गोळी शिशाचीच हवी, वर तांब्याचं कवच नको. कारण निशाण पोलादी आणि रिव्हॉल्वरपासून साधारण 7 ते 10 यार्डांवर. शिसं पत्र्यावर आपटून चपटं होतं. कठीण, वेगवान गोळी पत्र्यात खळगा पाडते आणि तिचा तुकडा झाडणाऱ्याच्याच अंगावर परत येऊ शकतो. म्हणून पत्रे वरून थोडे पुढे झुकवतात, शिशाच्या चिपा खाली मातीत जाव्यात यासाठी.

थोडक्यात, निशाण जवळ आणायचं तर ताकद आवरावी लागते. हे वाचताना मला हॉलिवूड नाही, आमची निजामशाही आठवली.

1549 साली याच नगरात एक तोफ ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहासाठी, मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिरानं. रूमी म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या मुलखातला. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे, मलिक-ए-मैदान. वजन सुमारे 55 टन, तोंडाचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर, आणि त्या तोंडावर जबडा वासलेला प्राणी. ताकदीला कसलीच मर्यादा न घालता निघालेल्या माणसाच्या हातून असं काहीतरी घडतं. 1632 मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेली, तेव्हा दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. तोफ उडवली की गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारायचा, नाहीतर कान गेले, हीही तिथली आवडती गोष्ट. मला मात्र ती बघताना वेगळाच विचार आला. ही काही शत्रूच्या मागे धावणार नाही. शत्रूनंच तिच्यासमोर येऊन उभं राहायला हवं.

तोफेच्या समोर शत्रू आणून कसा उभा करायचा, ते नगरच्याच तोफखान्यानं जानेवारी 1565 मध्ये दाखवलं. विजयनगरविरुद्धच्या, आपण तालिकोट म्हणतो त्या लढाईत. ही हकीकत फेरिश्त्यानं लिहिली आहे, आणि तो नगरच्या दरबारात वाढलेला माणूस. निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमी खान. त्यानं सुमारे 600 तोफा तीन रांगांत मांडल्या. पुढे मोठ्या, मागे मध्यम, त्यामागे छोट्या. या सगळ्यांच्या पुढे तिरंदाजांची फळी, म्हणजे समोरून तोफा दिसूच नयेत. तिरंदाज बाण सोडत राहिले, विजयनगरचं सैन्य जवळ आलं, तिरंदाज मागे सरले आणि तोफा कडाडल्या. तरी पुन्हा हल्ला आला. तेव्हा रूमी खानानं तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या ठासल्या.

तांब्याचं नाणं हा काही चांगला गोळा नव्हे. चपटं, हलकं, हवेत गिरक्या घेणारं. लांबवर गेलं तर त्यात जीव उरत नाही. पण समोरची गर्दी अगदी अंगाशी आली असेल तर एका बारात शेकडो नाणी पसरतात. म्हणजे जिंकवलं ते दारूपेक्षा अंतरानं, धीर धरून कमी होऊ दिलेल्या अंतरानं. त्या बारासमोर जी माणसं होती त्यांच्यासाठी अर्थातच यात कौतुकासारखं काही नव्हतं.

नाण्यांची गोष्ट नगरमध्ये पुन्हा येते, चांदबीबीच्या नावानं. गोळे संपले तेव्हा तिनं आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत घातली, अशी दंतकथा लहानपणी प्रत्येकानं ऐकलेली असते. 1595-96 च्या त्या वेढ्यात खरं घडलं ते माझ्या मते जास्त थरारक आहे. शहजादा मुरादच्या फौजेनं अंतराचा प्रश्नच मिटवला. लांबून मारत बसण्याऐवजी थेट तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातल्यांनी त्यातले काही हुडकून दारू काढून घेतली, पण एक उडाला आणि तट कोसळला. चांदबीबी बुरखा घेऊन, हातात तलवार धरून त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढली. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. शहर वाचलं.

1803 मध्ये वेल्स्लीनं तेवढाही वेळ घेतला नाही. 8 ऑगस्टला पेठ घेतली, मग किल्ल्यापासून सुमारे 400 यार्डांची जागा पकडली, रात्रीत चार तोफांचा मोर्चा बांधला आणि 10 तारखेच्या पहाटे मारा सुरू केला. 12 तारखेला किल्ला त्याच्या हाती. कुठल्या बाजूनं मारायचं ते भिंगारच्या देशमुखानं लाच घेऊन सांगितलं, असं जुनं गॅझेटिअर म्हणतं. इतका मजबूत किल्ला चार तोफांनी पडला हे लहानपणी पटायचं नाही; आता पटतं.

आणि आज? नगरला लष्कराची आर्मर्ड कोअरची मोठी संस्था आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि शहराबाहेर खारे कर्जुने गावाच्या नावानं ओळखली जाणारी के. के. रेंज आहे. रणगाड्याची चिलखतभेदी गोळी सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं जाते. काउबॉयच्या रायफलला 1400 फुटांची हद्द, ही पाच हजारांच्या आसपास. निशाण समोर असलं तरी नेम चुकला तर ती आणखी कित्येक किलोमीटर पुढे जाणार. त्यामुळे रेंजला किती जमीन हवी हे निशाणावरून नाही, चुकलेल्या गोळीवरून ठरतं. त्या मागच्या जमिनीत नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली गावं येतात. 1938 च्या कायद्यानं असा भाग अधिसूचित करता येतो, सरावापुरती माणसं बाजूला काढता येतात, पिकाची भरपाई द्यावी लागते. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते. पण हा तात्पुरता भाग उद्या कायमचा संपादित होईल, ही धास्ती तिथे वर्षानुवर्षं आहे. त्यावर मोर्चे निघालेत, निवेदनं गेलीत. सैन्याला सराव हवा, यावर तिथे कुणी वाद घालत नाही. पण मुळा धरणात एकदा जमिनी दिलेल्या घरांना दुसऱ्यांदा उठायला सांगायचं, म्हणजे किती मागायचं?

माझी आजी राहुरीकडच्या अशाच एका गावात राहते. लाल निशाण लागलं की शेळ्या कुठल्या बाजूला न्यायच्या नाहीत, हे तिनं मला लहानपणी शिकवलं. पितळ-लोखंड वेचून मोडीत घालायच्या नादात न फुटलेल्या गोळ्याला हात लावू नको, हेही. तो व्हिडिओ मी तिला दाखवला. तिनं चष्मा पुसून आजोबांना नीट बघितलं.

"एवढ्या जवळून?" ती म्हणाली. "मग चुकतंय कशाला?"

तेवढ्यात बाहेर धप्प झालं. ती क्षणभर थांबली, कान दिला आणि म्हणाली, "आज लांब चाललंय. वरच्या वावरात जायला हरकत नाही."