विदर्भातील जुन्या भाल्यांची ओळख व कालनिर्णय

भाला हे लांब दांड्याच्या टोकास अणकुचीदार फाळ बसवलेले शस्त्र आहे. महाराष्ट्रातील जुने वाडे, देवस्थाने व संग्रहालये यांत भाले आढळतात. मात्र त्यांपैकी बहुतेकांवर काळ नोंदलेला नसतो. वाशीम (प्राचीन वत्सगुल्म) येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात त्याच्या राजवटीचे ३७वे वर्ष दिलेले आहे. भाल्याच्या बाबतीत असा आधार क्वचितच मिळत असल्याने त्याचा काळ घडण, धातू आणि सापडण्याची जागा यांवरून ठरवावा लागतो.

घडण

फाळ दांड्यास दोन प्रकारे जोडतात. एका प्रकारात फाळाच्या बुडाशी पोकळ नळी असते व तिच्यात दांडा बसतो. दुसऱ्यात फाळाची निमुळती शेपटी दांड्यात खुपसतात. दख्खनी भाल्यांत पहिला प्रकार अधिक आढळतो. हाती घडवलेली नळी पत्रा गुंडाळून केलेली असते आणि तिच्यावर सांध्याची उभी रेघ दिसते. कारखान्यातील नळाचा तुकडा, विजेच्या जोडकामाचा ओघळ किंवा यंत्राने पाडलेला आटा ही अलीकडच्या कामाची खूण होय. नक्षी हा कमकुवत पुरावा आहे, कारण जुन्या फाळावर नवे कोफ्तगिरी काम सहज करता येते.

दांड्यावरून फाळाचा काळ ठरवू नये. बांबू वा लाकूड मोडले की बदलले जाई, त्यामुळे एकाच फाळाला अनेक दांडे लाभलेले असू शकतात. नळीत अडकून राहिलेल्या लाकडाची किरणोत्सारी कार्बन चाचणी करता येते. परंतु साधारण १६५० नंतरच्या लाकडासाठी तिचे उत्तर फार मोघम येते, आणि मराठेशाहीतील बहुतेक शस्त्रे याच काळातील आहेत.

धातू

पारंपरिक भट्टीतील लोखंडात मळीचे बारीक धागे राहतात. विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा प्राचीन असून नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन भट्टीचे अवशेष मिळाले आहेत. याउलट बेसेमर पद्धत (१८५६) व तिच्या नंतरच्या पद्धतींचे पोलाद सर्वत्र एकजिनसी असते. असे पोलाद वापरलेला फाळ शिवकालीन असू शकत नाही, मग त्यावर काहीही कोरलेले असो.

गंज घासून काढणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. नळीतील लाकडाचे तंतू, कापडाचे ठसे व पृष्ठभागावरील घडणीच्या खुणा गंजातच टिकून राहतात. शेतात सापडलेला फाळ चकचकीत करून विकला गेला की त्याची जागा, खोली आणि सोबतच्या वस्तूंची माहितीही संपते.

प्रकार

मराठी फौजांत भाला, बरची, सांग व विटा हे प्रकार होते. सांग संपूर्ण लोखंडी असते. विट्याच्या दांड्यास दोरी बांधलेली असून फेकल्यावर तो परत ओढून घेता येई. दोरी नष्ट झाल्यावर केवळ फाळावरून विटा ओळखता येत नाही, तरी विक्रेते हे नाव सढळपणे वापरतात. पेंढारी स्वार लांब बांबूचे भाले बाळगत.

‘मराठा भाला’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तूंत ब्रिटिश काळातील रानडुकराच्या शिकारीचे भालेही असतात. अशा भाल्यांचे फाळ घडवणारा औरंगाबादचा बोदराज हा कारागीर प्रसिद्ध होता. फाळावर त्याच्या नावाचा रोमन लिपीतील ठसा दिसल्यास वस्तू लढाईची नव्हे, शिकारीची समजावी.

आग्नेय आशियातील भालेही भारतीय म्हणून विकले जातात. जावा बेटावरील ‘तोंबाक’ या भाल्यास नळी नसून शेपटी असते, शेपटीच्या वर धातूचे कडे असते आणि पात्यावर ‘पामोर’ नावाची थरांची नक्षी उमटलेली असते.

लेख असल्यास शक वर्षात ७८ मिळवून इसवी सन काढतात (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९). हिजरी वर्ष चांद्र व सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्यास एकच ठरावीक फरक लावता येत नाही.

कायदा

जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुना भाला १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतो व खाजगी व्यक्तीस तो परदेशी पाठवता येत नाही. तुलनेसाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (अजब बंगला) आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथील शस्त्रे उपयोगी पडतात.