सपीति, आपान आणि गोष्ठी : महाड-पोलादपूर मार्गाच्या संदर्भात सहपानाचा विचार

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. खाडीतून महाडकडे व तेथून पोलादपूरवरून पारघाटाने घाटमाथ्यावर, हा जुना व्यापारी मार्ग होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कोकणातील बंदरांमध्ये 'पालैपत्मै' हे नाव येते. ते महाडजवळील पाले होय, असे काही विद्वानांचे मत आहे. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी असून तीत मद्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी इटलीच्या मद्यास अधिक पसंती होती. लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्ये त्याच्या खालोखाल. राजासाठी उंची मद्य निराळे येई. म्हणजे मद्य कोठले, हे विचारून घेणारा रसिक वर्ग पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी होताच. मात्र घारापुरी, नेवासे येथे सापडलेली कुंभखापरे सरसकट रोमन म्हणता येत नाहीत. त्यांतील आतून डांबर लावलेली पुष्कळशी मेसोपोटेमियाकडील आहेत, हे 2007 साली रॉबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिले आहे.

देशनामावरून मद्य ओळखण्याची ही रीत आपल्या ग्रंथांतही आहे. कौटिल्य द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणतो आणि त्याचे 'कापिशायन' व 'हारहूरक' असे दोन प्रकार उत्पत्तिस्थानावरून सांगतो. पैकी पहिला शब्द सिद्ध करण्यास पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले आहे! कौटिल्याचे पानागारही केवळ दारूचा गुत्ता नव्हे. त्यात अनेक दालने, निरनिराळी आसने, सुगंध, पुष्पमाला व पाणी असावे आणि ते प्रत्येक ऋतूत सुखकर असावे, असा दंडक आहे. वात्स्यायनाचे नागरक तर आळीपाळीने एकमेकांच्या घरी पानास जमत आणि मद्याबरोबर खारट, आंबट, तिखट, कडू अशी तोंडी लावणी घेत. या तोंडी लावण्यास संस्कृतात 'उपदंश' म्हणतात. मराठीत तो शब्द आज एका गुप्तरोगाचे नाव होऊन बसला आहे. त्यामुळे कोणी यजमान पाहुण्यांपुढे उपदंश ठेवील हे संभवत नाही. त्याचे काम 'चखणा' करतो, आणि 'चाखणे' हे क्रियापद प्राकृत 'चक्खइ'पासून अखंड चालत आलेले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मदिरापानाची गणना राजाच्या क्रीडांत केली. दुसरीकडे, पाल्याच्या लेण्यांत ज्या भिक्षूंचा वास होता त्यांच्या शीलांत सुरा व मैरेय यांचा स्पष्ट निषेध आहे. बंदरातला माल आणि डोंगरावरचे व्रत यांत फार तर हाकेचे अंतर.

या परंपरेतले शब्द मराठीत कसे उतरले? 'दारू' व 'प्याला' हे दोन्ही फारसी. त्यांपैकी पहिल्याचा मूळ अर्थ औषध. कोकणातली 'माडी' मात्र घरची, माडावरून आलेली. सर्वांत लक्षणीय स्थित्यंतर 'गोष्ठी' शब्दाचे आहे. अमरकोशात 'आपान' म्हणजे पानगोष्ठी. गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी. मराठीने मंडळी सोडली, पान सोडले आणि त्यांच्यातील बोलणे तेवढे 'गोष्ट' म्हणून ठेवले.

जो शब्द मराठीत मुळीच आला नाही तो 'सपीति'. यजुर्वेदातील चमकात याचक ज्या गोष्टी मागतो त्यांत 'सग्धि' म्हणजे सहभोजन व 'सपीति' म्हणजे सहपान यांचा समावेश आहे. धान्य, गाई, दीर्घायुष्य यांच्या पंक्तीला कोणाबरोबर जेवावे-प्यावे ही मागणी बसते, हे विचार करण्याजोगे आहे. अमरसिंहाने सपीतीचा अर्थ 'तुल्यपान' असा दिला आहे. गंमत अशी की त्याने सपीति वैश्यवर्गात घातली आणि आपान शूद्रवर्गात.

तुल्यपान म्हणजे बरोबरीने पिणे. महाडात हा प्रश्न मद्यावरून नव्हे, पाण्यावरून उभा राहिला. ज्या तळ्यावरून उभा राहिला त्याचे नावच 'चवदार'. 'चव' या शब्दास फारसी 'दार' प्रत्यय लागून झालेले, रुचकर पाण्याचे असा त्याचा रूढ अर्थ. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि त्यास अनुसरून 1924 साली महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांस खुले केले, परंतु कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व परिषदेस आलेल्या हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही वेळाने मंडपात जेवत असलेल्या मंडळींवर हल्ला झाला व त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. सग्धि आणि सपीति या दोहोंवरचा घाव एकाच दुपारी पडला. पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे अस्पृश्यांस वर्ज्य असल्याची वहिवाट अनादि आहे, असा दावा सवर्ण वादींनी न्यायालयात मांडला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही असा निर्णय दिला.